काजव्यांची गर्दी, गावचा नाका आणि पाहुण्यांची खोली : अकोले तालुक्यातून आलेले प्रश्न

या महिन्याचं प्रश्नोत्तरांचं सदर एकाच तालुक्याला दिलं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण आहे, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि सांदण दरी आहे. मे संपता संपता झाडंच्या झाडं उजळवणारे काजवेही आहेत. पर्यटक येतील का, ही इथली काळजीच नाही. ते सगळे एकाच रात्री एकाच रस्त्यानं येतात, ही खरी अडचण आहे. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि ग्रामीण पर्यटनाचं नियोजन करणाऱ्या आमच्या सल्लागार मंडळाची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : काजव्यांच्या दिवसांत शनिवार-रविवारी आमच्या गावात गाड्यांची रांग लागते. मध्यरात्र उलटली तरी हॉर्न थांबत नाहीत. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर रस्ता मोकळा नसतो. किती गाड्या घ्याव्यात याचा काही हिशेब असतो का?
— भंडारदरा परिसरातले एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : असतो, आणि पंचायतीच्या ओट्यावर बसून एका संध्याकाळी तो मांडता येतो. बहुतेक गावं 'गाड्या लावायला जागा किती' इथून सुरुवात करतात आणि तिथंच हिशेब चुकतो. सुरुवात झाडापासून करा.

काजव्याचा नर उडता उडता उजेडाची उघडझाप करतो. मादी बहुधा खाली गवतावर किंवा झुडपाच्या खालच्या फांदीवर बसून त्याला उत्तर देते. अंडी ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात घातली जातात, अळ्या तिथंच गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणजे काजव्यांचे वैरी दोन, उजेड आणि पाय. गाडीचा झोत किंवा मोबाईलचा फ्लॅश पडला की नरमादीची ही खूणभाषा विस्कटते. झाडाखालचं गवत तुडवलं की पुढच्या वर्षीचे काजवे मातीतच जातात.

म्हणून आधी पायवाटा ठरवा. गावाजवळ काजव्यांच्या तीन जागा आहेत असं धरू. प्रत्येक जागेला चार फूट रुंदीची एकच वाट ठेवा आणि दोन्ही बाजूंनी गुडघ्याच्या उंचीवर सुतळी बांधा. एका वेळी पंचवीस माणसं, सोबत गावातले दोन वाटाडे, एक पुढे आणि एक मागे. जूनच्या सुरुवातीला दिवस सव्वासातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पहिली फेरी आठ वाजता सोडा. पुढच्या पावणेनऊ, साडेनऊ आणि सव्वादहा. तीन वाटा, चार फेऱ्या, पंचवीस माणसं, म्हणजे रात्रीला तीनशे. एका गाडीत चार माणसं धरली तर पंचाहत्तर गाड्या. हा तुमचा आकडा. पार्किंगला दोनशे गाड्यांची जागा असली तरी आकडा पंचाहत्तरच राहतो.

आता जागेकडे या. गाडी उभी करायला आणि वळवायला मिळून साधारण पंचवीस चौरस मीटर लागतात, म्हणजे गुंठ्याला चार गाड्या. पंचाहत्तर गाड्यांना एकोणीस गुंठे झाले. ओल्या जमिनीत रांगा नीट लागत नाहीत, म्हणून पंचवीस गुंठे धरा. भाताचं खाचर यासाठी देऊ नका. पहिली सर आली की चाकं रुततात, ट्रॅक्टरनं गाड्या ओढाव्या लागतात, आणि त्याच दिवसांत राब भाजलेल्या, म्हणजे पालापाचोळा जाळून तयार केलेल्या जागी भाताची रोपं टाकायची असतात. गाड्यांनी दबलेली माती त्या हंगामात भुसभुशीत होत नाही. मुरमाड माळ किंवा वरकस (हलकी, उताराची) जमीन निवडा. शेतमालकाशी किती दिवस, किती रुपये आणि खराबी कोण भरणार हे कागदावर ठरवा.

नाका कुठे असावा यावर सगळं अवलंबून आहे. गावच्या वेशीवर नाका ठेवला तर पंचाहत्तर भरल्यावर शहात्तराव्या गाडीला परत वळायला जागा नसते. ती तिथंच थांबते आणि तिच्यामागे चाळीस लागतात. मोजणी शेंडी गावात, जिथं रस्ते फुटतात आणि गाडी वळवता येते, तिथं झाली पाहिजे. एक गाव हे एकट्यानं करू शकणार नाही. घाटघर, रतनवाडी, उडदावणे, मुतखेल, पेंडशेत, मुरशेत अशा आसपासच्या गावांनी, वनविभागानं आणि पोलिसांनी मिळून एकच नाका चालवावा आणि प्रत्येक गावाचे टोकन वेगळ्या रंगाचे ठेवावेत. एका गावाचे टोकन संपले की गाडी दुसऱ्या गावाला जाते. कुणाचं गिऱ्हाईक कुणी पळवल्याची तक्रारही त्यानं कमी होते.

रस्ता एकपदरी आहे. त्यामुळे संध्याकाळी साडेपाच ते आठ फक्त आत आणि नऊनंतर फक्त बाहेर, असं वेळेचं एकेरीकरण लागतं. सतरा आसनांपेक्षा मोठी गाडी आत सोडू नका. दोन बस वळणावर समोरासमोर आल्या की तासभर काही हलत नाही. रस्त्याच्या कडेला एकही गाडी उभी राहता कामा नये, रुग्णवाहिकेला तेवढीच वाट असते. बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून दोन्ही टोकांना माणूस आणि एक दुचाकी तयार ठेवा.

शेवटची गोष्ट बायकांच्या सोयीची. तीनशे माणसांत निम्म्या बायका धरल्या तर किमान सहा शौचालयं लागतात, पाणी आणि दिव्यासकट. ती पार्किंगजवळच बांधा, काजव्यांच्या वाटेवर नको. शोषखड्डा विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत नसावा. पावसाळ्यात या भागात जमिनीखालचं पाणी फार वर येतं, त्यामुळे शक्य असेल तर अंतर त्याहूनही वाढवा.

जोराचा पाऊस लागला की काजव्यांचा हंगाम आटोपतो. त्यामुळे आगाऊ पैसे घेतले असतील तर पावसानं कार्यक्रम रद्द झाल्यास परतावा किती, हे टोकनवरच छापा. या एका ओळीअभावी नाक्यावर रोज भांडणं होतात.

प्रश्न : पार्किंगचे पैसे गावातली पोरं गोळा करतात. ग्रामपंचायत म्हणते हे पैसे आमचे. वनविभागाची पावती वेगळी. पर्यटक विचारतात, किती जणांना द्यायचे? यातून मार्ग काय?
— एक तरुण वाचक, राजूर परिसर

उत्तर : पैसे तीन प्रकारचे आहेत, ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला प्रकार वनविभागाच्या प्रवेश शुल्काचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. त्याच्या हद्दीतलं शुल्क वनविभागाच्या नियमानं आणि गावच्या परिस्थितिकी विकास समितीमार्फतच घ्यायचं. दुसरा प्रकार ग्रामपंचायतीच्या फीचा. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, कायद्याला धरून ठरवलेला दर आणि दराचा फलक लागतो. पावती नमुना ७ ची (ग्रामपंचायतीची सर्वसाधारण पावती) द्यावी, रक्कम दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खात्यात भरावी आणि रोकडवहीत नोंदवावी. तिसरा प्रकार खासगी शेतातल्या पार्किंगचा. ते पैसे शेतमालकाचे. ग्रामपंचायतीनं तिथं स्वच्छता, दिवे आणि माणसं पुरवली तर त्याचा वाटा आधी ठरवून घ्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सार्वजनिक रस्ता दोरी बांधून अडवायचा आणि गाडी पुढे सोडण्याचे पैसे घ्यायचे, याला कोणताही आधार नाही. गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तो बहुधा दोरी धरून उभ्या असलेल्या पोरावरच होतो. पैसे घ्यायचे ते जागेचे आणि सेवेचे.

पर्यटकाला तीनदा थांबवू नका. एकाच टेबलावर वनविभागाचा माणूस आणि पंचायतीचा माणूस शेजारी बसू देत. पावत्या दोन असोत, थांबणं एकदाच असावं. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा. एखाद्या पोराच्या स्वतःच्या खात्यावर पैसे गेले की हिशेब प्रामाणिक असला तरी गाव विश्वास ठेवत नाही, आणि दोन हंगामांत गट फुटतो. रात्री नाका बंद करताना पावतीपुस्तकाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक, रोख रक्कम आणि क्यूआरची रक्कम अशी एक ओळ फळ्यावर लिहा, सगळ्या गावाला दिसेल अशी. पोरांना हजेरीपटावर ठरलेली मजुरी द्या. जमा रकमेवर टक्केवारी देऊ नका. टक्केवारी ठेवली की पंचाहत्तरच्या जागी दीडशे गाड्या आत जातात, कारण प्रत्येक जादा गाडीत त्यांचा फायदा असतो.

प्रश्न : घराच्या मागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. पाहुणे ठेवायचे म्हणते. जेवणाला माणशी दोनशे रुपये घ्यावेत असं शेजारीण सांगते. परवडेल का? आणि कागदपत्रं कोणती?
— बचत गटातली एक भगिनी

उत्तर : ताई, आधी जेवणाचा हिशेब मांडू. दहा माणसांच्या रात्रीच्या जेवणाला नागलीचं (नाचणीचं) पीठ दोन किलो लागतं, किलोत दहा-बारा भाकरी होतात. तांदूळ एक किलो, आमटीची डाळ अर्धा किलो, आणि साफ केल्यावर सव्वा ते दीड किलो भरतील असे दोन गावरान कोंबडे. समजा हे सगळं सामान तेल-मसाल्यासह १८०० रुपयांना पडलं. सरपण आणि गॅस १५०. तुमची आणि जाऊबाईंची अर्ध्या दिवसाची मजुरी ६००. ही मजुरी जवळपास कुणीच धरत नाही, आणि तोटा तिथंच लपलेला असतो. भांडी, साबण, पाणी १००. बेरीज २६५०. त्यावर उरणं-सांडणं आणि ऐनवेळी न येणारे पाहुणे यांच्यासाठी दहा टक्के, म्हणजे २६५. एकूण २९१५. माणशी २९२ रुपये खर्च असताना दोनशे घेतले तर प्रत्येक ताटामागे ९२ रुपये तुम्हीच पदरचे घालता. तुमच्याकडचे भाव घालून हीच मांडणी करा आणि मग दर ठरवा. गावातल्या सगळ्या घरांनी मिळून कमीत कमी दर ठरवला तर एकमेकींचे भाव पाडणं थांबतं.

गावरान कोंबडा चुलीवर शिजायला दोन तास घेतो. म्हणून मांसाहाराची मागणी दुपारी तीनपर्यंतच घ्या. सात वाजता येऊन नऊला जेवण मागणाऱ्यांना पिठलं-भाकरी, ठेचा, वरण-भात मिळेल असं आधीच सांगा. शहरातल्या माणसाला पनीरची भाजी घरी रोज मिळते, ती इथं करून दाखवण्यात तुमचा वेळ आणि पैसा दोन्ही जातात. या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. ते वाल, तो घेवडा, तो काळभात ताटात वाढा आणि वाढताना त्याचं नाव सांगा. पाहुणा ते ताट लक्षात ठेवतो.

खोलीचं म्हणाल तर इथला शत्रू ओल आहे. गाद्या थेट जमिनीवर टाकू नका, पावसात फरशीला घाम सुटतो. सहा इंच उंचीच्या लाकडी फळ्यांच्या चौकटी करून घ्या आणि त्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. दोन खोल्यांत सहा गाद्या असतील तर चादर-अभ्र्यांचे अठरा जोड लागतात, सहा वापरात, सहा धुण्यात, सहा कपाटात. पावसाळ्यात चोवीस, कारण कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. जाड गोधडी दिसायला छान, पण ती धुऊन वाळणं अशक्य. पातळ ब्लँकेटला सुती खोळ घाला आणि दर पाहुण्यामागे खोळ तेवढी धुवा. वीज जाते हे धरून प्रत्येक खोलीत चार्जिंगचा दिवा ठेवा. न्हाणीघरात कपडे अडकवायला चार खुंट्या आणि पाय ठेवायला कोरडी जागा हवी. पाहुण्यांच्या तक्रारींत न्हाणीघर नेहमी पहिलं असतं, खोलीच्या रंगाबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

कागदपत्रं. घरगुती मुक्कामाची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहारी योजनेत होते. शेतीवर आधारित केंद्र असेल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली होते. घराचा उतारा किंवा सातबारा, आधार आणि पॅन, वीजबिल आणि घराचे फोटो तयार ठेवा. जेवण देणार असाल तर अन्न व्यवसायाची (एफएसएसएआय) नोंदणी ऑनलाइन करून घ्या. कर्ज काढणार असाल तर आधी महिलांसाठीच्या 'आई' पर्यटन धोरणाची चौकशी करा. त्यात १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. मात्र व्यवसाय बाईच्या नावावर हवा, तो तिनंच चालवायला हवा आणि हप्ते वेळेवर जायला हवेत. नाव बायकोचं आणि कारभार नवऱ्याचा, असं प्रकरण पुढे अडकतं.

प्रश्न : परदेशी पाहुणा आला तर काय करायचं?
— होमस्टे चालवणारे एक वाचक, शेंडी

उत्तर : पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घ्या आणि तो आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) संकेतस्थळावर माहिती भरा. हा फॉर्म सी-फॉर्म या जुन्या नावानं ओळखला जातो आणि तो घरगुती मुक्कामालाही लागू आहे. त्यासाठी आधी त्याच संकेतस्थळावर तुमच्या घराची नोंदणी करावी लागते. पाहुणा दारात असताना हे करायला बसू नका, हंगामाआधीच उरका. भारतीय पाहुण्यांचीही नाव, गाव, गाडी क्रमांक आणि ओळखपत्र अशी वही ठेवा.

प्रश्न : कळसूबाईच्या वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडतो. श्रमदानानं साफ करतो, पंधरा दिवसांत तसंच होतं. बाटलीमागे अनामत घ्यावी का?
— बारी परिसरातले एक वाचक

उत्तर : जरूर घ्यावी, पण पूर्ण तयारीनिशी. अर्धवट राबवलेली अनामत लोकांना फसवणूक वाटते.

पायथ्याला बाटल्या मोजा, प्रत्येकीवर क्रमांकाचा विनाइल स्टिकर लावा आणि बाटलीमागे ५० रुपये घ्या. कागदी स्टिकर पावसात आणि घामेजल्या हातात निघून येतो, मग परत आलेली बाटली आपली की नाही यावरून वाद होतात. बारा जणांच्या गटाकडे तीस बाटल्या असतील तर १५०० रुपये अडकवण्याऐवजी गटाला ५०० ची कमाल मर्यादा ठेवा आणि गटप्रमुखाचं नाव लिहून घ्या. चिप्स आणि बिस्किटांचे पुडे पायथ्यालाच फोडून कापडी किंवा कागदी पिशवीत ओतायला लावा. वेष्टन वरपर्यंत गेलं की खाली येत नाही. वाऱ्यानं कड्यावरून उडतं आणि मग कुणाच्याच हाती लागत नाही.

योजना बहुतेक वेळा संध्याकाळी फसते. परतीचं टेबल सहाला बंद होतं आणि माणसं साडेसातला उतरतात. त्यांचे पैसे बुडतात, ती रागानं बाटल्या तिथंच टाकून जातात. शेवटचा गट उतरेपर्यंत एक माणूस बसलाच पाहिजे. वरच्या टपऱ्यांना बाटलीबंद पाण्याऐवजी वीस लिटरच्या जारमधून पाणी भरून द्यायला सांगा, बाटली भरण्याचे दहा रुपये घेतले तरी लोक देतात. टपरीवाल्याचं उत्पन्न बुडत नसेल तर तो तुमच्या बाजूनं उभा राहतो. कुणी परत न नेलेल्या अनामतीची रक्कम दर महिन्याला ग्रामसभेत वाचून दाखवा.

नवरात्रात कळसूबाई आईच्या दर्शनाला येणारी गर्दी वेगळी असते. त्या दिवसांत ओटीचं सामान, नारळ, उदबत्तीची वेष्टनं यांसाठी पायथ्याला वेगळी टोपली ठेवा. भाविकांशी अनामतीवरून हुज्जत घालू नका, टोपलीवरची पाटी वाचून ते स्वतःहून ऐकतात.

प्रश्न : मुंबईचे एक गृहस्थ माझी तलावाकाठची दोन एकर जमीन तंबूंच्या कॅम्पसाठी दहा वर्षांच्या कराराने मागतात. पैसे चांगले देतात. देऊ का?
— एक आदिवासी शेतकरी वाचक

उत्तर : दादा, सही करण्याआधी थांबा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चं बंधन आहे. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्यापुढच्या कोणत्याही हस्तांतरणाला शासनाची मान्यता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी द्यावी लागते. नुसत्या स्टॅम्पपेपरवर केलेला दहा वर्षांचा 'समजुतीचा करार' तुमचं संरक्षण करत नाही. शिवाय तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसा कायद्यानं (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामसभेला खास अधिकार आहेत, हा विषय तिच्यापुढे ठेवा.

दुसरं, जमीन नक्की कुणाची ते मोजून घ्या. काठाला लागून दिसणारी बरीच जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. पाणी उतरलं की ती शेतासारखी दिसते, पण तिथं तंबू ठोकण्याचा हक्क ना तुम्हाला ना त्या गृहस्थांना. मोजणीचा नकाशा आणि सातबारा जुळवून पाहा. अभयारण्याची हद्द लागते का, हे वनविभागाला लेखी विचारा.

जमीन न देताही कमाई होते. दहा तंबू तुमचे, नोंदणी तुमची आणि ग्राहक आणण्याचं काम त्या गृहस्थांचं, असा करार करा. ग्राहकामागे त्यांचं ठरलेलं दलाली-शुल्क द्या. तंबू पाण्याच्या काठापासून इतके वर असू द्यात की रात्री कुणी उठून अंधारात चालला तर पाण्यात जाणार नाही. मध्ये दोरी आणि दिवा लावा. तलावात पोहायला मनाई असल्याची पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावा. कॅम्पवर दारू चालू देणार नाही, असं बुकिंगच्या वेळीच कळवा. पाण्याकाठी दारू आणि पोहणं एकत्र आलं की माणसं बुडतात, आणि तपासाला तुमच्या दारात पोलीस येतात.

प्रश्न : जूनमध्ये गर्दी मावत नाही आणि नोव्हेंबरच्या बुधवारी एकही पाहुणा नाही. जाहिरात कशी करावी?
— होमस्टे गटाचे सचिव

उत्तर : जूनची जाहिरात बंद करा. जूनला तिची गरज नाही. सगळा वेळ रिकाम्या दिवसांवर घाला.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी-तेरड्यानं पठारं भरतात. कार्तिकात भाताची कापणी आणि झोडणी. डिसेंबर ते फेब्रुवारी आकाश निवळलेलं असतं, अमावास्येच्या आसपासच्या रात्री तारे पाहणाऱ्या गटांना बोलवा. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि जांभळं. मधल्या वारी कोण येऊ शकतं याचा विचार करा. निवृत्त माणसांचे गट, पक्षी पाहणारे, नाशिक-संगमनेर-पुण्याची महाविद्यालयं. त्यांना एका पानाचा मजकूर पाठवा. त्यात खोल्या किती, शौचालय कसलं, शेवटची एसटी किती वाजता, चालणं किती किलोमीटर आणि जेवणात काय, हे लिहा. 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे सगळेच लिहितात, वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

ऑनलाइन नकाशावर तुमच्या घराची खूण नेमकी ठेवा. चुकीच्या खुणेमुळे गाड्या बैलगाडीच्या वाटेवर जाऊन अडकतात, आणि तिथून फोनही लागत नाही. फाट्यापासूनचं अंतर शब्दांत लिहा, जसं की 'शेंडीपासून अमुक किलोमीटर, मारुतीच्या देवळाशी डावीकडे'. न्हाणीघराचा खरा फोटो टाका. पाहणारे सगळ्यांत आधी तोच शोधतात.

काजव्यांच्या फोटोंबद्दल खास सांगायचं आहे. झाड सोन्यानं मढल्यासारखं दिसणारा फोटो हा बहुधा बराच वेळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचे अनेक फोटो एकावर एक रचून केलेला असतो. डोळ्यांना दिसणारे काजवे सुंदरच असतात, पण ते तसे दिसत नाहीत. फोटोखाली हे लिहून टाका. न लिहिल्यास माणूस दोनशे किलोमीटर येतो, 'फसवलं' म्हणतो आणि तसंच लिहूनही टाकतो.

प्रश्न : पावसात सांदण दरी बघायची म्हणून लोक हट्ट धरतात. 'जबाबदारी आमची' असं लिहून देतात. न्यावं का?
— एक वाटाड्या, साम्रद परिसर

उत्तर : नाही. लिहून दिलं तरी नाही, आणि दुप्पट पैसे दिले तरी नाही. सांदण ही पठाराला पडलेली चिंचोळी भेग आहे. वरच्या पठारावरचं पाणी तिच्यातच उतरतं. तुम्ही आत असताना वर पडलेली सर तुम्हाला दिसत नाही, दिसतं ते एकदम आलेलं पाणी, आणि दोन्ही बाजूंना चढायला जागा नसते. पावसाळा संपल्यावरही आतली डबकी आटेपर्यंत आणि निसरडे धोंडे वाळेपर्यंत थांबा. 'जबाबदारी आमची' या कागदानं कोणतीही कायदेशीर जबाबदारी तुमच्यावरून टळत नाही. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी, प्रशिक्षित माणूस आणि विमा या गोष्टी लागतात, त्या गटानं मिळून पूर्ण करा.

कोरड्या दिवसांत पंधरा माणसांना दोन वाटाडे. निघताना नावं आणि परतीची वेळ वहीत लिहायची आणि परतल्यावर खूण करायची. ही खूण करायची राहून गेली तर शोध कधी सुरू करायचा हे कळतच नाही. सोबत दोर, शिट्ट्या, प्रथमोपचार आणि दोन काठ्यांत अडकवून झोळी करता येईल असं जाड कापड ठेवा. सापानं दंश केला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. माणसाला न चालवता झोळीतून खाली आणा आणि १०८ ला रेंज मिळेल तिथून फोन करा. रेंज कुठल्या धोंड्यावर मिळते हे प्रत्येक वाटाड्याला पाठ हवं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काठाशी उभं राहू देऊ नका, पालथं झोपूनच खाली बघायला सांगा. जिथं मधमाश्यांची पोळी आहेत त्या कड्याखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

वाटाड्यांची पाळी क्रमांकानं लावा. गिऱ्हाईक ज्याला आधी दिसलं त्याचं, असं ठेवलं की सगळे फाट्यावर गाड्यांमागे धावतात, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक 'हो' म्हणणारा नेतो. पाळी असेल तर पावसात नकार देणाऱ्याचं नुकसान होत नाही.

प्रश्न : आम्ही ठाण्याहून दोन कुटुंबं, सोबत सहा वर्षांचा मुलगा. काजवे बघायला यायचंय. काय लक्षात ठेवावं?
— एक वाचक

उत्तर : शनिवार टाळा, सोमवार ते गुरुवार या. मुक्काम आधी ठरवा आणि अंधार पडण्याआधी घोटी-बारी मार्गे शेंडीत पोहोचा. पूर्ण बाह्यांचे गडद कपडे आणि बूट घाला. डास चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं काही असेल तर ते मुक्कामीच लावा, झाडाजवळ फवारू नका. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे तीन-चार थर रबरानं बांधा, आणि ती जमिनीकडेच धरा. मोबाईल खिशात राहू दे. काजवा पकडून बाटलीत घालायचा नाही, हे मुलाला घरूनच सांगून आणा. मुक्कामाच्या ओट्यावर दिवे मालवून त्याला वीस मिनिटं अंधारात बसवा, गोष्ट सांगा. डोळे सरावले की वाटाड्यामागून निघा.